शोकाला आकार देणारें संगीत

घरांतील तरुण मुलगा दिवा मालवून, दार लावून उदास गाणीं ऐकत बसूं लागला, कीं वडील मंडळींना धास्ती वाटते. ती अगदींच अनाठायी असते असें नाहीं. परंतु निकाल देण्यापूर्वीं तें संगीत काय आहे, हें पाहिलें पाहिजे. म्हणून पाश्चात्त्य संगीतांतील ‘निओक्लासिकल डार्क वेव्ह’, म्हणजे अभिजात वळणाची काळोखी लाट, ह्या शाखेचा परिचय आज करून देत आहें.

१९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडांत ‘पंक’ नांवाचें आडदांड संगीत पुढें आलें. तीन-चार स्वरमेळ, गिटार, ड्रम आणि आवेश, एवढीच त्याची सामग्री. आवेश ओसरल्यावर जी खिन्नता मागें राहिली, तींतून ‘डार्क वेव्ह’ निघाली. पण खिन्नतेला नुसता आक्रोश पुरत नाहीं. तिला आकार लागतो. कांहीं कलावंतांनीं तो चर्चमधील प्राचीन गायनांतून व मध्ययुगीन नृत्यधुनींतून घेतला.

‘डेड कॅन डान्स’ हें त्याचें ठळक उदाहरण. लिसा जेरार्ड व ब्रेंडन पेरी ह्यांचा हा संच १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें निघाला आणि पुढल्याच वर्षीं लंडनला गेला. १९८४ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गिटार व ड्रम ह्यांचेंच राज्य होतें. १९८७ च्या ‘विदिन द रेल्म ऑफ अ डाइंग सन’ मध्यें व्हायोलिन, चेलो, ट्रॉम्बोन ह्या वाद्यांना मानाचें स्थान मिळालें. १९९० च्या ‘आयॉन’ मध्यें तर चौदाव्या शतकांतील एक इटालियन नृत्यधून आहे. ‘मेलेलेही नाचूं शकतात’ हें नांव भीषण वाटतें. परंतु निर्जीव वस्तूंत प्राणसंचार होणें, हा त्याचा आशय पेरी ह्यांनींच सांगितला आहे.

ह्या संगीताची घडण आपल्या कानाला फारशी परकी नाहीं. तंबोऱ्याप्रमाणें एखादा स्वर पुष्कळदां खालीं अखंड धरलेला असतो. चर्चसंगीतांतील जुन्या स्वरपंक्तींपैकीं डोरियन ही आपल्या काफी थाटाशीं, तर फ्रिजियन ही भैरवी थाटाशीं जुळते. कृत्रिम प्रतिध्वनीनें दगडी मंदिरांत गायल्याचा भास निर्माण करितात. जेरार्डबाई तर बहुधा कोणत्याही ज्ञात भाषेंतील शब्द न वापरतां स्वतःच्या अक्षरांनीं गातात. तराण्यांत अर्थावांचून भाव उभा राहतो, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याचें नवल वाटूं नये. २००० सालच्या ‘ग्लॅडिएटर’ ह्या चित्रपटामुळें त्यांचा आवाज जगभर पोहोंचला.

आपल्या रसशास्त्रानें करुणाला रसांच्या पंक्तींत बसविलें, तें शोक वाढावा म्हणून नव्हे. आकार मिळालेला शोक न्याहाळतां येतो. मग तो माणसाला गिळून टाकीत नाहीं. तेव्हां वडिलांनीं एखादें दिवशीं मुलाशेजारीं बसून एक गाणें शेवटपर्यंत ऐकावें. गाणें संपल्यावर मुलगा मोकळेपणीं बोलूं लागला, तर भिण्याचें कारण नाहीं. तो दिवसचे दिवस गप्पच राहिला, अन्न-झोप टाळूं लागला, तर मात्र गाण्याला दोष देत बसूं नये. त्याला काय सलतें आहे, हें त्यालाच मायेनें विचारावें, आणि जरूर तर वैद्यकीय सल्ला घेण्यास संकोच करूं नये.