गट, पोटहिस्सा आणि साठ सेकंद

संपादकांनी डिजिटल सातबाऱ्यावर लिहायला सांगितलं होतं. डिजिटल सहीचा उतारा 1 मे 2018 पासून मिळू लागला, राज्यात असे उतारे सुमारे अडीच कोटी, यवतमाळ जिल्ह्यात तालुके 16. एवढी माहिती जमवून मी, उतारा काढताना दिसणारं 'सर्व्हर डाउन' म्हणजे नेमकं काय ते विचारायला यवतमाळातल्या एका तरुणाकडे गेलो. तो पुण्या-मुंबईचे आभासी सर्व्हर घरी बसून सांभाळतो. उतारा तिथंच राहिला.

"लय वेळा डिस्क भरलेली असते, भाऊ."

त्याचं हत्यार म्हणजे डिस्कच्या जागेची वाटणी करणारं एलव्हीएम. लिनक्ससाठी ते हाइन्झ माउल्सहागेन यांनी 1998 मध्ये लिहिलं. त्यानं ते मला शेताच्याच भाषेत सांगितलं. 1947 च्या तुकडेजोड कायद्यानं विखुरलेले सर्व्हे नंबर जोडून गट बांधले, तसा इथं सुट्या डिस्कांचा एक गट बांधतात आणि त्यातून हवे तेवढे पोटहिस्से पाडतात. एरवी मोजमाप 4 एमबीच्या तुकड्याचं. 10 जीबीचा हिस्सा म्हणजे 2560 तुकडे. जुनी डिस्क कुरकुरू लागली की तिच्यावरचे तुकडे नव्या डिस्कवर हलवायचे, सर्व्हर चालू असतानाच. हे त्यानं करून दाखवलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

वाढवायचं असेल तर मात्र क्रम चुकवून चालत नाही. आधी आभासी डिस्क मोठी करायची, मग गटाला ते कळवायचं, मग हिस्सा वाढवायचा, शेवटी फाइल सिस्टीम ताणायची. नवखे शेवटचं विसरतात आणि जागा मिळूनही डिस्क भरलेलीच दिसते. वाटणी झाली, फेरफार राहिला!

कमी करणं तर आणखी अवघड. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम वाढते, पण तिला आकसायची सोय जवळपास नाहीच. चुकून 500 जीबी दिले की दुसरीकडे माल हलवून नवा हिस्सा पाडा.

मला धास्ती वाटली ती 'थिन' साठ्याची. कोठारात चाळीस पोती असताना दहा जणांना दहा-दहा पोती कबूल करायची. सगळे एकदम थोडेच नेणार आहेत? पण नेलीच तर? साठा भरला की लिहिणं थांबतं, एरवी 60 सेकंद वाट पाहिली जाते, नंतर चुका येऊ लागतात. 80 टक्क्यांपुढे यंत्रणा इशारा देते, पण तो नोंदवहीत पडतो आणि ती वही रोज कोण उघडतो?

साठा आपोआप वाढवायची सोय आहे. साठा किती टक्के भरला की वाढवायचा, तो आकडा मुळात 100 असतो, म्हणजे सोय बंद. या पठ्ठ्यानं तो 70 केलाय.