मुखेडला समुद्र लागतो

नकाशावर मुखेडहून सरळ रेघ ओढली तर पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर जवळपास सारख्याच अंतरावर येतात, साडेचारशे ते पाचशे किलोमीटर. त्यामुळे बालाघाटाच्या रांगांतल्या या तालुक्यात समुद्र हा गप्पांचा विषय नाही. तो निघतो जूनमध्ये, तोही नाव न घेता. सोयाबीनची बॅग घरात येऊन पडलेली असते, खताचे पैसे आडतीवरून उचललेले असतात. मृगाचं आभाळ भरून येतं, चार थेंब टाकतं आणि निघून जातं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ दरसाल बजावतं. सल्ला बिनचूक आहे, पण शेजाऱ्याची तिफण चालू झाली की धीर सुटतो. मग पंधरा दिवस उघडीप आणि दुबार पेरणी.

हा पाऊस ज्यावर ठरतो त्या समुद्राच्या बऱ्याचशा भागावर कुणाची मालकी नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल देशाचा प्रादेशिक समुद्र, 200 सागरी मैलांपर्यंत मासे, तेल आणि खनिजांवर त्या देशाचा हक्क, त्यापलीकडे सगळ्यांचा. 10 डिसेंबर 1982 रोजी जमैकात सह्या झालेल्या समुद्र कायद्याच्या कराराने ही वाटणी पक्की केली. करार 1994 मध्ये लागू झाला आणि भारताने 1995 मध्ये त्याला मान्यता दिली. मुखेडकडे येणाऱ्या वाऱ्याचा बराचसा प्रवास या सगळ्यांच्या समुद्रावरून होतो. दक्षिण गोलार्धातून निघालेला वारा आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाजवळ जोर धरतो आणि अरबी समुद्राची वाफ घेऊन आपल्याकडे वळतो. सह्याद्री त्यातलं बरंचसं पाणी कोकणातच उतरवून घेतो. मग मराठवाड्याची भिस्त राहते ती बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. म्हणजे दोन्हीकडच्या समुद्रांची मर्जी सांभाळायची. पडलेलं पाणी मात्र एकाच दिशेला जातं: लेंडीतून मांजरेत, मांजरेतून कंदकुर्तीजवळ गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात.

कुणाच्याच मालकीची नसलेली ही जागा बघायची कुणी? राज्यकर्त्यांच्या आधी हा प्रश्न जहाजवाल्यांना पडला. 1853 मध्ये ब्रुसेल्सला दहा देशांचे प्रतिनिधी जमले आणि समुद्रावर वारा, दाब, तापमान यांची नोंद सगळ्यांनी एकाच पद्धतीने करायची, असं त्यांनी ठरवलं. एरवी एकमेकांशी तोफांनी बोलणाऱ्या या देशांचं वाऱ्याच्या वहीबाबत एकमत झालं. व्यापारी जहाजांनी वाटेत हवामान नोंदवून कळवायची रीत तिथे पक्की झाली आणि ती आजही चालू आहे.

हिंदी महासागराची पाळी मात्र फार उशिरा आली. अटलांटिक आणि पॅसिफिकच्या मानाने तो दुर्लक्षितच होता. 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यासह डझनभराहून अधिक देशांची चाळीसेक जहाजं एकाच समुद्रात एकाच कामाला लागली होती. या मोहिमेचं हवामान केंद्र 1963 मध्ये मुंबईत, कुलाबा वेधशाळेत उघडलं. जहाजांकडून, बेटांवरून, विमानांतून येणाऱ्या नोंदी तिथे गोळा होत आणि मान्सूनचे नकाशे काढले जात. मोहीम संपली तेव्हा तिचं भारतातलं काम वाऱ्यावर सोडलं नाही. 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तीच आज गोव्यात दोनापावला इथे आहे. महाराष्ट्राच्या विज्ञान-इतिहासात कुलाब्याच्या त्या केंद्राला एक परिच्छेदही मिळत नाही, हे मला खटकतं.

या खटाटोपातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, याचं एक उदाहरण पुरे. 1997 मध्ये पॅसिफिकचं पाणी तापून शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एक आला होता. एल निनो म्हणजे दुष्काळ, या हिशेबाने भारत कोरडा जायला हवा होता. पण देशाचा पाऊस सरासरी गाठून गेला. असं का झालं, याचा धागा 1999 मध्ये सापडला. साजी, भूपेंद्रनाथ गोस्वामी, विनयचंद्रन आणि जपानचे तोशिओ यामागाता यांनी दाखवलं, की हिंदी महासागराचाही स्वतःचा झोका असतो. कधी आफ्रिकेकडची बाजू तापते, कधी इंडोनेशियाकडची. आफ्रिकेकडची तापली की आपल्या मान्सूनला हात मिळतो. टीव्हीवर हल्ली ज्याला ‘आयओडी’ म्हणतात ते हेच. गोस्वामी पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

पण झोका ओळखायचा तर समुद्राचं तापमान सतत हवं, आणि नुसतं पृष्ठभागाचं भागत नाही. उष्णता खाली साठते. त्यासाठी आर्गो नावाची योजना 1999-2000 च्या सुमारास सुरू झाली. आर्गोचा तरंगक म्हणजे माणसाच्या उंचीचं एक नळकांडं, वर अँटेना. पाण्यात सोडला की हजार मीटर खाली जाऊन प्रवाहाबरोबर वाहतो. दर दहा दिवसांनी तो दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतो. पोटातल्या पंपाने तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की त्याचं आकारमान वाढतं आणि तो हलका होऊन वर येऊ लागतो. येताना थराथराचं तापमान आणि खारटपणा मोजतो. वर आला की उपग्रहाला आकडे सांगतो, तेल परत आत घेतो आणि बुडतो. चार-पाच वर्षं हे चालतं, मग बॅटरी संपते. जगभरात असे जवळपास चार हजार तरंगक आहेत. त्यांचे आकडे चोवीस तासांच्या आत कुणालाही फुकट मिळतात. मुखेडच्या कॉलेजातल्या पोरालाही, मोबाइलवर.

यात कायद्याची एक मेख होती. करारानुसार दुसऱ्या देशाच्या 200 मैलांत संशोधन करायचं तर सहा महिने आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. जहाज थांबवता येतं, तरंगकाला कोण थांबवणार? आज सगळ्यांच्या समुद्रात, महिन्याने कुणाच्या तरी हद्दीत. युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाने 1999 मध्ये तोडगा काढला: तरंगक आपल्या हद्दीत येण्याची शक्यता असेल तर त्या देशाला आगाऊ कळवायचं, आणि त्याचे आकडे त्यालाही मिळाले पाहिजेत. समुद्राच्या राजकारणात इतकी साधी, शहाणपणाची तडजोड क्वचित दिसते.

भारताच्या बाजूने हे काम बघणारी कचेरी मुखेडहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, 1999 पासून हैदराबादला आहे, सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. निजामाच्या काळापासून इकडची माणसं कोर्टकचेरी, दवाखाना, बाजारहाट यासाठी हैदराबादकडे जात आली. समुद्राचीही कचेरी तिथेच निघावी, हा योग म्हणायचा. भारतीय तरंगकांचे आकडे इथे तपासले जातात. समुद्राची आजची स्थिती इथून पुण्याला जाते आणि मान्सूनच्या प्रारूपात भरली जाते. एप्रिलच्या मध्याला हवामान खातं जो अंदाज जाहीर करतं, त्यामागे ही साखळी आहे. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत चौदा देशांत दोन लाखांवर माणसं गेली. त्यानंतर उभारलेल्या हिंदी महासागराच्या इशारा यंत्रणेत ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाबरोबर हेच केंद्र शेजारी देशांना सावध करतं.

साखळी तुटते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. 2008 च्या सुमारास सोमालियाच्या चाच्यांनी उच्छाद मांडला. व्यापारी जहाजांनी वाट बदलली, आणि त्यांच्याबरोबर वाऱ्याच्या नोंदीही गेल्या. मान्सूनचा वारा जिथे जोर धरतो, नेमक्या त्याच पट्ट्यात वही कोरी पडू लागली. हिंदी महासागरात नांगरून ठेवायच्या निरीक्षण तराफ्यांची ‘रामा’ ही साखळीही पश्चिमेकडे अर्धवट राहिली, कारण तिथे जहाज पाठवायला कुणी धजावेना. शेवटी तरंगक सोडण्यासाठी शास्त्रज्ञांनी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या नौदलांचं साहाय्य घेतलं. चाचेगिरीची बातमी आपण तेलाच्या भावाशी जोडून वाचतो; ती आपल्या पेरणीपर्यंत पोचते हे कुणी सांगत नाही.

सगळ्यांच्या समुद्रात चाच्यांना कोणताही देश पकडू शकतो, हा समुद्र कायद्याचा जुना नियम. पण पकडून आणल्यावर खटला कुठल्या कलमाखाली चालवायचा, यावर आपल्याकडे घोळ होता. तो 2022 च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने मिटवला. मार्च 2024 मध्ये नौदलाने भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर ‘रूएन’ हे जहाज चाळीस तासांच्या कारवाईनंतर सोडवलं, 17 खलाशी वाचवले आणि ‘आयएनएस कोलकाता’ने 35 चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं. ही पराक्रमाची गोष्ट आहेच. वेधशाळेच्याही कामाची आहे.

दुसरा धोका बंदुकीचा नाही, बजेटचा आहे. पॅसिफिकात एल निनोवर नजर ठेवणाऱ्या तराफ्यांची देखभाल करणारं अमेरिकेचं जहाज 2012 मध्ये काढून घेतलं. दोन वर्षांत त्या साखळीतून येणारी माहिती चाळीस टक्क्यांवर घसरली. पुढे डागडुजी झाली. पण लगोलग 2015 चा जबर एल निनो आला, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. त्या दुष्काळाचं खापर मी तराफ्यांवर फोडत नाही; एवढंच, की ज्या काळात नजर तीक्ष्ण हवी होती त्याच्या तोंडावर ती अधू झाली होती.

या अंदाजांची मर्यादाही सांगायला हवी. 2025 च्या 17-18 ऑगस्टला मुखेड तालुक्यात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस एका दमात कोसळला. लेंडी धरणाच्या पाण्याने हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली ही गावं वेढली, माणसं आणि जनावरं गेली. असा पाऊस एप्रिलच्या अंदाजात दिसत नाही. पाण्याबरोबर कॅरीबॅगा, फवारणीच्या औषधांचे डबे, थर्मोकोल, जे हाती लागलं ते खाली गेलं. त्याच्या दोनच दिवस आधी, 15 ऑगस्टला, जिनिव्हात प्लॅस्टिक प्रदूषणावरच्या जागतिक कराराची बोलणी काही न ठरता उठली होती. तेल उत्पादक देशांना प्लॅस्टिकच्या उत्पादनावर मर्यादा नको होती. तिकडचं भांडण आणि इकडचा पूर शेवटी एकाच उपसागरात जाऊन पडतात.

खुल्या समुद्रातली जैवविविधता जपण्याचा नवा करार 2023 मध्ये मंजूर झाला, भारताने 25 सप्टेंबर 2024 रोजी त्यावर सही केली आणि 17 जानेवारी 2026 पासून तो अमलात आला. राखीव सागरी क्षेत्रं, मोठ्या प्रकल्पांआधी पर्यावरणाची तपासणी, तंत्रज्ञानाची देवाणघेवाण, असं त्यात बरंच आहे. आर्गोच्या पैशासाठी मात्र असा कोणताही बंधनकारक करार नाही. सगळं स्वेच्छेवर चालतं आणि जगातले निम्मे तरंगक एकटी अमेरिका पुरवते. तिथल्या एखाद्या सरकारचं मन फिरलं तर हिंदी महासागरातली बुडी कोण मारणार, याची तजवीज आपण करून ठेवायला हवी. भारताने हिंदी महासागरात आपला वाटा वाढवावा, हे मला चैनीचं वाटत नाही. मान्सूनवर एवढं ओझं टाकून जगणारा दुसरा मोठा देश नाही.

नांदेड-लातूरचे खासदार रेल्वे, पीकविमा, रस्ते यांवर संसदेत प्रश्न विचारतात, ते विचारलेच पाहिजेत. त्यांनी यापुढे एक प्रश्न पृथ्वी विज्ञान मंत्रालयालाही विचारावा: हिंदी महासागरात आपले किती तरंगक आज चालू आहेत, आणि येत्या पाच वर्षांत नवे किती सोडणार? प्रचाराला आल्यावर त्यांच्याकडे उत्तर मागायचा हक्क तुम्हा-आम्हाला आहे.