तंजावरची बाहुली आणि पडद्याचा वेग

तंजावरची मान डोलावणारी बाहुली प्रसिद्ध आहे. तिचे डोलणे भारतीय दूरचित्रवाणीच्या रूढ पद्धतीने टिपल्यास सेकंदाला २५ स्थिर चित्रे मिळतात. संगणकाचा पडदा मात्र बहुधा सेकंदाला ६० वेळा नव्याने उजळतो. ६० ला २५ ने निःशेष भाग जात नाही. म्हणून काही चित्रे दोन आवर्तने, तर काही तीन आवर्तने टिकतात आणि बाहुली अडखळत डोलते. पडद्याचा वेग ७५ केला, की प्रत्येक चित्राच्या वाट्यास तीनच आवर्तने येतात व डोलणे एकसारखे होते.

लिनक्स प्रणालीत ‘एक्स’ ही चित्रव्यवस्था चालू असल्यास हा वेग आज्ञा देऊन बदलता येतो. ‘सीव्हीटी’ ही आज्ञा नव्या वेगाचे गणित मांडते. ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा ते पडद्यास लागू करते. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यास, मधल्या रिकाम्या अवधीसह, रूढ प्रमाणाने दर आवर्तनास २२०० × ११२५ बिंदूंइतका काळ लागतो. त्यास ७५ ने गुणिले असता सेकंदाला १८ कोटी ५६ लाख २५ हजार बिंदू होतात. हा भार न पेलल्यास पडदा काळा पडतो. म्हणून माहितीपुस्तिकेतील मर्यादा आधी पाहावी. अशा रीतीने केलेला बदल तात्पुरता असतो. संगणक पुन्हा सुरू करताच जुना वेग परत येतो.