छठपूजा म्हणजे काय? ३६ तासांचा निर्जळी उपवास अन् पाण्यात उतरताना घ्यायची काळजी

दिवाळीच्या अमावास्येनंतर सहाव्या दिवशी बिहार, झारखंड आणि पूर्व उत्तर प्रदेशात छठपूजा होते. आपल्याकडे एमआयडीसीत अन् बांधकामांवर काम करणारी तिकडची कुटुंबंही हे सूर्याचं व्रत करतात. व्रत चार दिवसांचं असतं.

नहाय-खाय (कार्तिक शुद्ध चतुर्थी): स्नान करून भात, हरभरा डाळ, दुधी भोपळा असं एकवेळचं साधं जेवण.

खरना (पंचमी): दिवसभर उपवास, संध्याकाळी गुळाची खीर. तिथून पुढे साधारण ३६ तास पाण्याचा थेंबही नाही.

षष्ठी: पाण्यात उभं राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य. सुपात ऊस, केळी, नारळ अन् ठेकुआ असतो. ठेकुआ म्हणजे गव्हाचं पीठ आणि गूळ मळून तुपात तळलेला पदार्थ.

सप्तमी: उगवत्या सूर्याला अर्घ्य, मग पारणं.

आपल्या रथसप्तमीला उगवत्या सूर्याची पूजा होते, इथे मान आधी मावळत्याला. पुरोहित लागतोच असं नाही.

हे लक्षात ठेवा: व्रत करणाऱ्याच्या पोटात अन्न-पाणी नसतं, त्यामुळे चक्कर येऊ शकते. पाण्यात एकटं सोडू नका, शेजारी पोहणारा माणूस हवा. शेततळ्यात तर उतरूच नका. प्लास्टिकच्या कागदावर पाय घसरला की वर चढता येत नाही. घाट लांब असेल तर अंगणात टबात पाणी भरूनही अर्घ्य देतात. शहरांत बरेच जण तसंच करतात.