गोळ्या संपण्याआधी

केळीच्या बागेला पाणी सतत लागते. "परवा भरपूर पाणी दिले, आता महिनाभर नको," असे रावेर-यावलचा शेतकरी कधी म्हणेल का? नाही म्हणणार. पाणी तोडले की बाग माना टाकते, हे त्याला ठाऊक असते.

बीपी आणि शुगर यांच्या गोळ्यांचेही असेच आहे. बीपी म्हणजे रक्तदाब. शुगर म्हणजे मधुमेह. ताप येतो, चार दिवस औषध घेतले की जातो. हे दोन आजार तसे जात नाहीत. ते काबूत राहतात, पण गोळ्या चालू असल्या तरच.

पुष्कळ माणसे येथेच चुकतात. महिनाभर गोळ्या घेतात. डोके दुखायचे थांबते. मग म्हणतात, "आते माले बरं वाटस. मंग गोया कसाले?"

अहो, बरे वाटते ते गोळ्यांमुळेच! गोळ्या सोडल्या की रक्तदाब पुन्हा चढतो. तो चढताना बहुधा काही दुखत नाही, खुपत नाही. मग एखाद्या दिवशी लकवा मारतो. हृदयाला झटका येतो. कधी मूत्रपिंड निकामी होते. घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो आणि सगळे घर बसते.

गोळ्या का तुटत?

सगळा दोष माणसाचा नव्हता. पूर्वी दर महिन्याच्या गोळ्यांसाठी तालुक्याला, नाहीतर जळगावला किंवा धुळ्याला जावे लागे. एसटीचे भाडे, दिवसाची मजुरी बुडालेली. तेथे केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग आणि औषधाची रांग. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण जाणार? मग एक महिना चुके. पुढे दुसरा चुके.

आता काय बदलले?

2018 सालापासून गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांचे काम वाढवण्यात आले. 2023 साली त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव मिळाले. सपाट भागात साधारण पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा नियम आहे. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांनाही ते जवळ पडावे.

तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तेथे तपासतात. आजार दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर औषध ठरवतात. पुढच्या महिन्यांच्या त्याच गोळ्या मात्र उपकेंद्रातून मिळू शकतात.

ही रीत चालते, याचा अनुभव आहे. 2017 साली रक्तदाबाचे एक मोठे काम देशातल्या 25 जिल्ह्यांत हाती घेतले गेले. आपल्या राज्यात ते आधी भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत सुरू झाले. रोग्याला कार्ड द्यायचे, महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या आणि त्या घराजवळ द्यायच्या, अशी त्याची रीत होती.

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत झाले आहेत.

कसे करायचे?

समजा, आप्पा उपकेंद्रात गेले. बोलणे असे होईल :

"या आप्पा. किती गोळ्या उरल्या?"

"सात उरल्या, मॅडम."

"छान. वेळेवर आलात. बसा पाच मिनिटं, आधी बीपी बघू."

माप घेऊन मगच गोळ्या देतात. माप कार्डावर लिहितात. वरचा आकडा 140 पेक्षा कमी आणि खालचा 90 पेक्षा कमी असला, तर सहसा त्याच गोळ्या पुढे चालू राहतात. आकडा जास्त आला, तर डॉक्टरांना विचारावे लागते. त्यासाठीही प्रत्येक वेळी प्रवास नको. 'ई-संजीवनी' या सोयीने उपकेंद्रात बसूनच पडद्यावर डॉक्टरांशी बोलता येते.

कधी उपकेंद्रातला साठाच संपलेला असतो. म्हणून शेवटच्या गोळीची वाट पाहू नका. आठ दिवस हाताशी असले, तर आरोग्य केंद्रात जाता येते. नाहीतर चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रातून स्वस्तात औषध आणता येते.

चिठ्ठीचा कायदा

खाजगी डॉक्टरांकडे जात असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. 1945 च्या औषध नियमांप्रमाणे एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे असते. पुन्हा द्यायचे असेल, तर किती वेळा किंवा किती दिवसांनी, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहावे लागते. दुकानदाराने औषध देताना आपले नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर घालायची असते.

हा नियम त्रास देण्यासाठी नाही. जुना सातबारा घेऊन कर्ज मागायला गेलात, तर सोसायटी म्हणते, "नवा उतारा आणा." कारण मधल्या काळात जमिनीत फरक पडलेला असू शकतो. शरीराचेही तसेच. दोन वर्षांपूर्वीची गोळी आज कमी पडत असेल, किंवा जास्त होत असेल. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "ही चिठ्ठी किती महिने चालेल? तेवढं लिहून द्या."

ऊसतोडीला जाताना

चाळीसगाव, साक्रीकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. गोळ्या तुटण्याचा हाच मोठा काळ. निघण्याआधी उपकेंद्रात सांगा, "आम्ही इतके महिने बाहेर राहू." जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का, ते विचारा. कार्ड आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट भांड्याकुंड्यांबरोबर बांधून न्या. ते दाखवले की परमुलखातल्या डॉक्टरलाही तुमचे औषध कळते.

आता तुम्हाला वाचता येते. कार्डावरचे आकडे आणि तारीख स्वतः वाचा. पुढची तारीख कोणती, हे दुसऱ्याला विचारावे लागू नये.

लक्षात ठेवा

1. सात-आठ गोळ्या उरल्या की उपकेंद्रात जा.

2. माप घेतल्याशिवाय पुढच्या गोळ्या घेऊ नका.

3. एक दिवस गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

4. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. आपली त्याला देऊ नका.

5. नव्या पाकिटातली गोळी वेगळ्या रंगाची दिसली, तर आधी विचारा, मग घ्या.

6. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळ्या सोडू नका.