माळ्यावरच्या पेटीत जुना शेअरचा दाखला सापडला, तर रद्दीत घालू नका

कासुर्डी (ता. दौंड) : दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. आजोबांच्या खरेदीखतांत, साऱ्याच्या पावत्यांत कधीतरी एखादा जाड इंग्रजी कागदही निघतो. भोवती नक्षीची चौकट, खाली सही-शिक्का. जमिनीचा नाही म्हटल्यावर तो रद्दीत जातो. पण तो शेअरचा दाखला किंवा कर्जरोखा असू शकतो.

असे कागद जमवणारे लोक जगभर आहेत. या छंदाला स्क्रिपोफिली म्हणतात. नाव अवघड, पण प्रकार जुनी नाणी, तिकिटं जमवण्यासारखाच. कंपनी बंद पडली तरी कागदाला किंमत येते, ती त्यावरच्या चित्रामुळे, सालामुळे आणि सही कोणाची आहे त्यामुळे.

आपल्या भागाचंच बघा. यवत, केडगाववरून दौंडला जाणारी रेल्वे ग्रेट इंडियन पेनिन्शुला म्हणजे जीआयपी कंपनीची. १८५३ ला तिची मुंबई-ठाणे गाडी धावली, १८५८ ला ती पुण्यात पोचली. भांडवल उभं राहिलं ते इंग्लंडात शेअर विकून. भागधारकाला ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. कमाई कमी पडली तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा, आणि त्या तिजोरीत इथला शेतसाराही जायचा. म्हणजे रूळ आपल्या शिवारात, तोटा आपल्या माथी आणि व्याज लंडनला! जीआयपीचा दाखला हा त्या व्यवहाराचा कागदी पुरावा आहे.

१९०७ ची गोष्ट याच्या उलट. इंग्लंडात पैसा जमेना म्हणून टाटा आयर्न अँड स्टीलचे शेअर मुंबईत विक्रीला काढले. स्वदेशीचं वारं होतं. सुमारे ८ हजार लोकांनी तीन आठवड्यांत ते उचलले.

मात्र छंदवाल्याला कागद विकायची घाई नको. दाखला जुना असला म्हणजे शेअर मेला असं नाही. कंपन्यांची नावं बदलतात. टेल्कोची २००३ ला टाटा मोटर्स झाली, टाटा आयर्नची २००५ ला टाटा स्टील. सलग सात वर्षं लाभांश कोणी उचलला नाही, तर असे शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात. त्यांच्या संकेतस्थळावर आजोबांचं नाव टाकून शोधता येतं आणि वारसाला दावाही करता येतो. मूळ दाखला हातचा गेला, तर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र असा लांबचा फेरा पडतो. म्हणून ‘अर्ध्यात काम करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती मूळ कागद देऊ नये, झेरॉक्स द्यावी.

साखर कारखान्याचा शेअर वेगळा. तो सहकारी संस्थेचा, शेअर बाजारात विकला जात नाही. त्याच्या वारसनोंदीसाठी कारखान्याच्या शेअर विभागातच जावं लागतं.

कंपनी खरंच संपलेली निघाली, तरच तो कागद संग्रहाचा. १९९६ नंतर डीमॅट आलं, लोकांनी दाखले जमा केले आणि ते रद्द होऊन नष्ट झाले. त्यामुळे उरलेले कमीच. अशा कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, वरचं तिकीट सोलून काढू नका. घडी उलगडून कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, आणि पेटीला वाळवी लागलेली नाही ना, तेवढं बघा.