सावलीतला कतबा आणि मोबाईलचा एचडीआर : फोटोवर किती भरवसा ठेवायचा?

शाळेची सहल घेऊन उदगीरच्या किल्ल्यावर गेलो होतो. १७६० साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते हेच उदगीर. किल्ल्यात अरबी-फारसी कतबे, म्हणजे शिलालेख आहेत. आपली उर्दू शिकलेली मुलं त्यातली अक्षरं थोडीफार लावू शकतात, म्हणून मुद्दाम वह्या घ्यायला सांगितल्या होत्या.

सावलीतल्या एका कतब्याचा मुलांनी मोबाईलवर फोटो काढला. एका फोटोत अक्षरं दिसली, पण मागचं अंगण पांढरंफटक. दुसऱ्यात अंगण छान, तर कतबा काळाकुट्ट. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, डोळ्याला तर दोन्ही दिसतंय. मोबाईलला का नाही?"

प्रश्न बरोबर होता. आपला डोळा एका जागी थांबत नाही. उजेडाकडे बघताना बाहुली बारीक होते, अंधाराकडे बघताना मोठी होते आणि मेंदू दोन्ही जुळवून घेतो. कॅमेरा एका फोटोला उजेडाचं एकच माप लावतो. हे माप 'स्टॉप'मध्ये मोजतात आणि दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो. दुपारचं ऊन आणि दरवाजाच्या आतली सावली यांत दहा स्टॉपचा फरक असला, तर उजेड १०२४ पट झाला! एका साध्या फोटोत तो मावणं अवघडच.

यावर उपाय म्हणजे एचडीआर, हाय डायनॅमिक रेंज. कॅमेरा न हलवता तीन फोटो घ्यायचे. एक नेहमीसारखा, एक दोन स्टॉप कमी (पाव उजेड), एक दोन स्टॉप जास्त (चौपट उजेड). सॉफ्टवेअर काळ्या फोटोतून अंगण घेतं, उजळ फोटोतून कतबा घेतं आणि सगळ्यांची मिळून एक फाइल करतं. यामागचं गणित नीट मांडणारा एक महत्त्वाचा शोधनिबंध १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि आयआयटी कानपूरला शिकलेले जितेंद्र मलिक यांनी लिहिला. फोटोशॉपमध्ये ही सोय २००५ मध्ये आली. लाइटरूममध्येही आहे. पैसे नसतील तर डार्कटेबल फुकट मिळतं, फक्त त्याला कॅमेऱ्याच्या रॉ फाइल लागतात. आताचे मोबाईल बटण दाबताच स्वतःच अनेक फोटो घेऊन जोडतात, आपल्याला कळतही नाही.

खरी गोम पुढं आहे. जोडलेल्या फाइलमधला उजेड साध्या पडद्यावर मावत नाही, तो दाबून बसवावा लागतो. याला टोन मॅपिंग म्हणतात. मी मुलांना निकालाचं उदाहरण दिलं. १००० मार्कांचा निकाल १०० मध्ये बसवायचाय. सगळ्यांना सरळ दहानं भागलं तर ४१२ आणि ४१५ वाल्यांत फरकच उरत नाही. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडीचा निकाल वेगळा लावतं, म्हणजे फोटोच्या प्रत्येक भागाला वेगळं माप. तपशील उठून दिसतो, पण 'ब' तुकडीतला पहिला 'अ' तुकडीतल्या पहिल्यापेक्षा हुशार होता का, हे आता निकालावरून सांगता येत नाही. जास्त ताणलं की भिंतीच्या कडेला पांढरी झालर दिसते, आभाळ निळंजांभळं होतं, माणसाचा चेहरा मातकट होतो. लग्नाच्या अल्बममधले असले फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

काही ॲपमध्ये 'एचडीआर' नावाचा फिल्टर असतो. तो बहुतेक वेळा एकाच फोटोवर चालतो. जे टिपलंच गेलं नाही ते तो आणणार कुठून? तो फक्त असलेला फरक भडक करतो.

कतब्याला नेमकं हेच नडतं. एका मुलानं असा फिल्टर लावून फोटो आणला. अक्षरं कोरीव, ठसठशीत! पण दगडाचे टवकेसुद्धा तितकेच ठसठशीत झाले होते. आता उर्दू येणाऱ्याला हे सांगायला नको की एक टिंब खाली असलं तर बे, तीन असली तर पे आणि वर दोन असली तर ते. टवक्याला नुक्ता समजलात की नाव बदललं, कदाचित सालही बदललं. वर्गात अर्धा तास वाद झाला, आणि मला तो फार आवडला.

म्हणून घरी, सहलीला काय करायचं? मोबाईल दप्तरांच्या थप्पीवर टेकवा, हातात धरू नका. तीन फोटो होईपर्यंत समोरून कोणी जाऊ नये, नाहीतर एकाच माणसाची दोन-तीन भुतं उमटतात. लाइटरूममध्ये ती पुसायला 'डीघोस्ट' आहे, पण गरजेपुरतंच वापरा. भरदुपारी अंगणात पांढरी शेरवानी आणि काळा बुरखा एकाच फोटोत घ्यायचा असेल तर एचडीआर चालू ठेवा, स्लायडर मात्र कमी ताणा. कतब्याचे मूळ तिन्ही फोटो जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन बारकावे जातात.

आणि कोरीव अक्षरांसाठी एचडीआरपेक्षा तिरपा उजेड जास्त कामाचा. निघायच्या आधी आम्ही त्याच कतब्यावर एका बाजूनं टॉर्च धरून पुन्हा फोटो घेतला होता. तो उघडून पाहिला. ज्या टिंबावरून वाद चालला होता तो टवकाच निघाला.